थीम अपडेट करायची, पण केलेले बदल उडू द्यायचे नाहीत



पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांनी हल्ली स्वतःचा ब्लॉग सुरू केलाय. चांगली गोष्ट आहे. वाचलेल्या पेपरांचे सारांश, कॉन्फरन्समधलं पोस्टर, सीव्ही, सगळं एका पत्त्यावर राहतं आणि विद्यापीठाचा ईमेल बंद झाला तरी तो पत्ता चालू राहतो. काहींनी तर स्वतःचं डोमेन आणि होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस बसवलंय. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. प्रश्न नेहमीचाच आहे: डॅशबोर्डवर थीमचं नवं व्हर्जन आल्याची सूचना दिसतेय, तिच्यावर क्लिक करायचं की नाही?

"नको, मागे एकदा केलं तर सगळं डिझाइन उडालं" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की यावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं. ही भीती खोटी नाही, पण त्यावर शोधलेला उपाय, म्हणजे अपडेटच न करणं, तो मात्र चुकीचा आहे.

आधी थीम म्हणजे नेमकं काय ते पाहू. तुमचे लेख डेटाबेसमध्ये असतात. ते पडद्यावर कसे दिसावेत हे सांगणाऱ्या फाइल्सचं एक फोल्डर म्हणजे थीम. वर्डप्रेस २००३ साली आलं, पण आजच्यासारख्या थीम त्यात २००५ च्या १.५ या व्हर्जनपासून आल्या. लेख एकीकडे आणि रूप दुसरीकडे, ही विभागणी तेव्हापासून पक्की झाली. म्हणूनच थीम बदलली तरी लेख जात नाहीत.

आता अपडेट केल्यावर काय होतं? थोडक्यात, जुनं फोल्डर काढून टाकलं जातं आणि त्याच नावाचं नवं फोल्डर तिथे ठेवलं जातं. जुन्या फाइलमध्ये तुम्ही काय लिहिलं होतं हे कुणी तपासत नाही आणि विचारतही नाही. तुम्ही हेडरच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या असतील, फुटरमधलं कंपनीचं नाव काढून स्वतःचं टाकलं असेल, रंगाचा कोड बदलला असेल, तर ते सगळं त्या जुन्या फोल्डरबरोबर गेलं.

ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने नोंदी करणारे लोक आपण पाहिलेत (काही जण पेनानेही करतात, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी). ग्रंथालयाने नवी आवृत्ती आणली आणि जुनी प्रत रद्दीत काढली की नोंदी गेल्या. त्याच नोंदी वेगळ्या वहीत पृष्ठ क्रमांकासह असत्या तर नवी आवृत्ती आली तरी वही आपल्याजवळच राहिली असती. थीमच्या बाबतीत आपल्याला हेच करायचंय. पुस्तक त्यांचं आणि वही आपली.

पण त्याआधी तो दुसरा प्रश्न. "व्यवस्थित चाललंय ना, मग हात कशाला लावायचा?" याचं उत्तर म्हणून मी नेहमी २०११ सालची टिमथम्बची गोष्ट सांगते. टिमथम्ब ही छायाचित्रं लहान करून देणारी एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट होती. तेव्हाच्या असंख्य थीममध्ये ती आतच घालून दिलेली असे. फ्लिकरसारख्या ठरावीक साइटवरून चित्र आणायचं, लहान करायचं आणि सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये साठवायचं, एवढं तिचं काम. चित्र परवानगी असलेल्या साइटवरूनच येतंय ना, हे ती तपासायची, पण पत्त्यात त्या साइटचं नाव कुठेतरी आहे का एवढंच बघायची. म्हणजे एखाद्याने स्वतःच्या डोमेनच्या पुढे फ्लिकरचं नाव जोडून पत्ता बनवला की झालं, स्क्रिप्ट त्याला आत घ्यायची. मग चित्राऐवजी पीएचपी फाइल आणायची आणि ती तुमच्याच सर्व्हरवर चालवायची. मार्क माँडर यांच्या स्वतःच्या ब्लॉगवर हल्ला झाला, त्यांनी मागोवा घेतला आणि ऑगस्ट २०११ मध्ये ही फट जगासमोर आणली.

यातला महत्त्वाचा भाग असा की ही फट वर्डप्रेसच्या मूळ कोडमध्ये नव्हती. वर्डप्रेस अगदी ताजं ठेवणाऱ्याचाही ब्लॉग उघडा होता, कारण सदोष फाइल थीमच्या फोल्डरमध्ये पडलेली होती आणि ती तिथे आहे हे अनेकांना माहीतच नव्हतं. अशा वेळी ज्याने थीमच्या फाइल्समध्ये हाताने बदल करून ठेवलेत, त्याची पंचाईत होते. अपडेट केलं तर डिझाइन जातं आणि नाही केलं तर ब्लॉग दुसऱ्याच्या हातात जातो.

दुसरं कारण पीएचपीचं. वर्डप्रेस पीएचपीवर चालतं आणि पीएचपीची जुनी व्हर्जन कधीतरी बंद होतात. ७.४ ला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळणं थांबलं. होस्टिंगवाले मग सर्व्हरवर पीएचपी ८ आणतात. पीएचपी ८ मध्ये जुनी काही फंक्शन्स काढूनच टाकलीत आणि जुन्या थीममध्ये नेमकी तीच वापरलेली असतात. माझ्या ओळखीच्या एका लॅबच्या साइटचं हेच झालं. थीम वर्षानुवर्षं जुनी होती, कारण लॅबमधून कधीच बाहेर पडलेल्या एका सीनियरने तिच्यात आत कुठेतरी बदल केले होते आणि ते काय होते हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तिला कुणी हात लावत नसे. होस्टिंगवाल्याने पीएचपी बदललं आणि साइटचं पान पांढरं झालं. नेमकी त्याच आठवड्यात त्या लॅबमधल्या एका मुलीची पोस्टडॉकची मुलाखत होती आणि तिच्या अर्जात त्याच साइटवरच्या तिच्या पानाचा पत्ता होता. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी ती लिंक उघडून पाहिली की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर मुद्दा असा की अपडेट करायचंच. फक्त आपले बदल आधी पुस्तकातून वहीत आणायचे. ही वही तीन प्रकारची असते आणि कोणता बदल कुठे ठेवायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिली आणि सगळ्यात सोपी वही म्हणजे 'ॲडिशनल सीएसएस'. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ व्हर्जनपासून ही सोय आहे. अपिअरन्समधल्या कस्टमाइझमध्ये ती मिळते. (नव्या ब्लॉक थीममध्ये एडिटरच्या स्टाइल्समध्ये शोधा.) इथे लिहिलेलं थीमच्या फोल्डरमध्ये जात नाही, डेटाबेसमध्ये जातं. त्यामुळे अपडेटचा त्याला धक्का लागत नाही. रंग, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर एवढंच बदलायचं असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही. एक लक्षात ठेवा, हे सीएसएस त्या त्या थीमशी बांधलेलं असतं. थीम बदलली की ते दिसेनासं होतं. नष्ट होत नाही, जुन्या थीमवर परत गेलात की तिथेच सापडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर या वहीची हमखास गरज पडते, कारण बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जरा मोकळी जागा सोडायची फॅशन आहे. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्यासारखा दिसतो. म्हणून अक्षरांमधलं अंतर शून्य करा. शीर्षकाच्या ओळींची उंची अनेक थीममध्ये अक्षराच्या १.१ किंवा १.२ पट असते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींचं शीर्षक आलं की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात अडकतो. मी शीर्षकाला १.५ आणि मजकुराला १.८ ठेवते. तिरपी अक्षरंही काढा. देवनागरी फाँटला बहुधा वेगळं तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो.

फाँटचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही फुकट आहेत आणि लांबलचक लेखालाही चालतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडंही आहेत, नाव नीट वाचून घ्या. आणि सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. पानाची भाषा कोणती हे त्यातून ब्राउझरला कळतं आणि ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत तो त्यानुसार मराठी वळण वापरू शकतो.

दुसरी वही म्हणजे चाइल्ड थीम. नुसत्या रंगाने भागत नाही, लेखाच्या पानाची रचनाच बदलायची आहे, म्हणजे समजा लेखाखाली 'हा लेख असा उद्धृत करा' अशी चौकट हवी आहे, तेव्हा ती लागते. चाइल्ड थीम म्हणजे एक वेगळं छोटं फोल्डर. त्यात किमान एक स्टाइलची फाइल असते आणि तिच्या डोक्यावर 'माझी मूळ थीम अमुक' असं सांगणारी एक ओळ. त्या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं लागतं. डॅशबोर्डवर दिसणारं सजवलेलं नाव तिथे चालत नाही. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

यानंतर वर्डप्रेस प्रत्येक टेम्प्लेट आधी चाइल्डच्या फोल्डरमध्ये शोधतं, तिथे नसेल तर मूळ थीममधून घेतं. म्हणजे फक्त एका लेखाचं टेम्प्लेट बदलायचं असेल तर तेवढी एक फाइल चाइल्डमध्ये कॉपी करायची आणि तिच्यात बदल करायचा. मूळ थीम खुशाल अपडेट होऊ दे.

फंक्शन्सच्या फाइलला मात्र हा नियम लागू नाही. तिथे मूळ आणि चाइल्ड दोन्ही फाइल्स चालतात, आधी चाइल्डची आणि मग मूळची. त्यामुळे मूळची अख्खी फाइल चाइल्डमध्ये चिकटवली तर तेच फंक्शन दोनदा घोषित होतं आणि साइट बंद पडते. तिथे फक्त स्वतःचा नवा कोड लिहायचा.

आता वहीचा दोष. समजा तुम्ही पृष्ठ १४२ वरच्या परिच्छेदाबद्दल नोंद केलीत आणि नव्या आवृत्तीत तो परिच्छेदच बदलला. चाइल्ड थीममध्ये कॉपी केलेल्या फाइलचं असंच होतं. मूळ थीमच्या लेखकाने त्या फाइलमधली चूक दुरुस्त केली तरी तुमच्याकडे जुनीच कॉपी चालत राहते, कारण तिला प्राधान्य आहे. अनेक ट्युटोरियलमध्ये 'चाइल्ड थीम करा आणि निश्चिंत व्हा' असं लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. दहा फाइल्स कॉपी केल्यात तर दहा फाइल्सची जबाबदारी तुमची. जितक्या कमी तितकं बरं.

तिसरी वही म्हणजे स्वतःचं छोटं प्लगइन. थीम दिसण्यासाठी असते, प्लगइन वागण्यासाठी. समीकरणं दाखवणारा मॅथजॅक्स, भेटींची मोजणी, स्वतःचे शॉर्टकोड या गोष्टी दिसण्याच्या नाहीत. त्या थीममध्ये ठेवल्या आणि उद्या थीम बदलली तर लेखांमध्ये समीकरणाच्या जागी नुसती डॉलरची चिन्हं आणि चौकटी कंस उरतात. मॅथजॅक्सची अधिकृत सीडीएन एप्रिल २०१७ अखेर बंद झाली, तेव्हा तो पत्ता बदलायला लोक आपापल्या हेडरच्या फाइल्स धुंडाळत बसले होते. ती ओळ एका नाव दिलेल्या प्लगइनमध्ये असती तर एका जागी बदलून मोकळे झाले असते.

"हे सगळं ठीक आहे, पण मी तर आधीच मूळ फाइल्समध्ये बदल करून बसलोय, आणि काय केलं ते आठवत नाही." बहुतेकांची स्थिती हीच असते. यावरचा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो अगदी आपल्या प्रयोगशाळेतला आहे. नमुना आणि कंट्रोल शेजारी ठेवायचे.

तुमच्या थीमचं व्हर्जन किती आहे ते तिच्या स्टाइल फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. समजा २.३ आहे. तर त्या थीमचं नेमकं २.३ व्हर्जनच डाउनलोड करा, सगळ्यात नवं नाही. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात थीमची जुनी व्हर्जनही ठेवलेली असतात. मग सर्व्हरवरचं तुमचं फोल्डर उतरवून घ्या आणि दोन्ही फोल्डरची तुलना करा. विंडोजवर विनमर्ज, लिनक्सवर मेल्ड किंवा साधी डिफ कमांड. कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत फरक आहे याची यादी समोर येते. व्हर्जन तंतोतंत तेच घेतलं असेल तर ही यादी म्हणजे तुमचे बदल. वेगळं व्हर्जन घेतलंत तर थीमच्या लेखकाने केलेले बदल आणि तुमचे बदल एकमेकांत मिसळतील आणि काहीच कळणार नाही. कंट्रोल चुकीचा निवडला की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यादीत तुम्ही न केलेलाही बदल सापडू शकतो. अर्थ न लागणारी अक्षरांची लांबलचक ओळ दिसली, किंवा मूळमध्ये नसलेली एखादी पीएचपी फाइल दिसली, तर थांबा. ते कुणीतरी घुसल्याचं चिन्ह असू शकतं. विकतच्या थीम 'फुकट' वाटणाऱ्या चॅनेलवरून उतरवलेल्या फाइल्समध्ये असं बरंच काही असतं. ती थीम काढून टाका, पासवर्ड बदला आणि मगच पुढे जा.

यादी हातात आली की प्रत्येक बदलाला त्याची वही द्या. रंगाचा सीएसएसमध्ये, रचनेचा चाइल्डमध्ये, वागण्याचा प्लगइनमध्ये. काही बदल आता नकोसेच वाटतील, ते सोडून द्या. चाइल्ड थीम चालू करण्याआधी कस्टमाइझमधल्या सगळ्या सेटिंगचे स्क्रीनशॉट घ्या. बोधचित्र, मेनूच्या जागा, ॲडिशनल सीएसएस या गोष्टी मूळ थीमच्या नावावर साठवलेल्या असतात. चाइल्ड ही वर्डप्रेसच्या दृष्टीने वेगळी थीम, त्यामुळे त्या आपोआप तिच्याकडे येतीलच असं नाही. "चाइल्ड लावली आणि सगळं पुसलं गेलं" म्हणून घाबरणाऱ्यांचं खरं तर काहीच पुसलेलं नसतं.

प्रत्यक्ष अपडेट आता त्यामानाने सोपं. बॅकअप दोन गोष्टींचा घ्यायचा: फाइल्स आणि डेटाबेस. नुसत्या फाइल्स घेतल्या तर त्यात तुमचा एकही लेख नसतो. मग ब्लॉगची एक प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर उभी करा, एक्सॅम्प किंवा लोकल वापरून. नवी थीम नुसती चाखून बघायची असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड थेट ब्राउझरमध्येच चालतं. प्रतीवर आधी अपडेट करा आणि एका वेळी एकच गोष्ट करा. थीम, चार प्लगइन आणि वर्डप्रेस असं सगळं एकदम केलं आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कसं शोधणार?

तपासताना फक्त मुखपृष्ठ बघू नका. समीकरणं असलेला एक लेख, मोठा तक्ता असलेला एक लेख, मोबाइलवरचा मेनू आणि शोधाचं पान एवढं तरी उघडा. तक्ता मोबाइलवर हमखास पानाबाहेर जातो. बदल केला आणि दिसतच नाही असं झालं तर कोडला दोष देण्याआधी कॅशे रिकामी करा.

वर्डप्रेसनेही अलीकडे बरीच काळजी घेतली आहे. ५.२ पासून थीममुळे साइट कोसळली तर ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते, आणि ६.३ पासून हाताने केलेलं अपडेट मध्येच फसलं तर आधीची थीम परत बसवली जाते. यातली पहिली सोय तुमचा ईमेल चालू असेल तरच कामाची. ॲडमिन म्हणून एमएस्सीच्या कॉलेजचा जुना पत्ता असेल तर आजच बदला.

ब्लॉक थीम वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून संपूर्ण साइट एडिटरमधूनच बदलता येते आणि हे बदल डेटाबेसमध्ये जातात. म्हणजे अपडेटमध्ये उडण्याची भीती नाही. इथे तक्रार उलटी असते: "थीम अपडेट केली, पण नवं हेडर दिसतच नाही." तुम्ही बदललेलं टेम्प्लेट थीममधल्या टेम्प्लेटला झाकून टाकतं. एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटचे बदल रीसेट केले की खालचं नवं दिसू लागतं. रीसेट करण्याआधी तुमचं टेम्प्लेट कॉपी करून ठेवा.

चाइल्ड थीमच्या फोल्डरमध्ये मी एक साधी मजकुराची फाइल ठेवते. तारीख, कोणती फाइल बदलली, का बदलली आणि मूळ थीमचं तेव्हाचं व्हर्जन. लॅब नोटबुकसारखंच. गिट येत असेल तर उत्तमच, पण 'का' हा रकाना गिटमध्येही स्वतःच भरावा लागतो. अपडेट आलं की ही फाइल उघडायची आणि कॉपी केलेल्या फाइल्सपैकी एखादी नव्या व्हर्जनमध्ये बदललीय का ते मघाच्याच तुलनेच्या पद्धतीने पाहायचं. दोन-तीनच फाइल्स असतील तर हे काम चहा होईपर्यंत उरकतं.

आणि थीमला बराच काळ अपडेटच आलं नसेल तर? दोन वर्षांहून जास्त काळ अपडेट न झालेल्या थीमच्या पानावर वर्डप्रेसचा अधिकृत संग्रह तशी सूचना देतो. ती दिसली तर चाइल्ड थीम बनवण्यात वेळ घालवू नका, नवी मूळ थीम शोधा. सीएसएसमधल्या देवनागरीच्या ओळी कॉपी करून नेता येतात, आणि प्लगइन तर नव्या थीमबरोबरही चालू राहतं.